भंडारदरा: कोणत्या आठवड्यात काय बघावं आणि कसं बघावं

भंडारदऱ्याहून हिरमुसून परतणारे पुष्कळ असतात, आणि दोष बहुतेक वेळा जागेचा नसतो, तारखेचा असतो. कुणी मेच्या कडक उन्हात रंधा धबधबा शोधतं, कुणी पौर्णिमेच्या रात्री काजवे बघायला येतं, कुणी जुलैत सांदण दरीची चौकशी करतं. अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला सहा-सात उत्तम गोष्टी आहेत, पण त्या एकाच वेळी कधीच नसतात.

दुसरी चूक म्हणजे ‘शनिवारी कळसूबाई, रात्री काजवे, रविवारी पहाटे रतनगड आणि जाता जाता सांदण’ अशी आखणी. कागदावर ती जमते. प्रत्यक्षात शनिवारी दुपारीच पायांचे तुकडे पडतात आणि उरलेला वेळ गाडीत डुलक्या काढण्यात जातो. एका खेपेला एक मोठी गोष्ट आणि तिच्या जोडीला एखादी छोटी, एवढंच ठरवा.

आधी नकाशा डोक्यात बसवा

मध्ये भंडारदरा धरणाचा जलाशय आहे. ईशान्येला धरणाची भिंत आणि तिच्याजवळ शेंडी हे मुख्य गाव. तिथून जलाशयाच्या दक्षिण काठाने गेलं की मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी येते. पुढे साम्रद आणि मग घाटघर, जिथे घाटमाथा संपून कोकणात कडा कोसळतो. घाटघरहून उत्तर काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी गावं घेत पुन्हा शेंडी. हा फेरा साधारण ४५ ते ५० किलोमीटरचा आहे. वळणं, खड्डे, रस्त्यावर बसलेल्या गाई आणि फोटोसाठी मध्येच थांबलेल्या गाड्या धरल्या तर न उतरताही दोन तास मोडतात.

मुंबईहून येताना नाशिक महामार्गाने इगतपुरी ओलांडून घोटी गाठायची आणि तिथे उजवीकडे वळायचं. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव याच रस्त्यावर, शेंडीच्या अलीकडे लागतं. पुण्याहून नाशिक महामार्गाने संगमनेर, मग अकोले, राजूर, शेंडी. गाडी नसेल तर रेल्वेने इगतपुरी, तिथून घोटी आणि घोटीहून एसटी किंवा काळी-पिवळी. पाच-सहा जण असाल तर लोकलने कसाऱ्याला उतरून जीप ठरवणं सोयीचं पडतं, पण परतीची वेळ आणि भाडं चढण्याआधीच बोलून घ्या. संध्याकाळनंतर बारीच्या फाट्यावर उभं राहून गाडी मिळेल ही आशा धरू नका.

पेट्रोल घोटीला किंवा राजूरला भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा. साम्रद-घाटघर पट्ट्यात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे ऑनलाइन पैसे देताना अडायला होतं. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीची पावती फाडावी लागते. ती परत निघेपर्यंत जपून ठेवा, दुसऱ्या नाक्यावर विचारतात.

काजवे: मेअखेर ते पहिला मोठा पाऊस

काजव्याची अळी वर्षाचा बराच काळ ओल्या मातीत, पालापाचोळ्यात काढते आणि गोगलगायींवर जगते. वळवाच्या सरी पडल्या, हवा दमट झाली की कोशातून प्रौढ काजवे बाहेर पडतात. त्यांचं आयुष्य थोड्याच आठवड्यांचं असतं आणि त्यात एकच काम असतं, जोडीदार शोधणं. झाडावर एका तालात उघडझाप करतात ते मुख्यतः नर. मादी बहुधा खाली गवतात किंवा झुडपात बसून मंद उजेडाने उत्तर देते.

यातून तारीख आपोआप ठरते. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन-तीन चांगल्या वळीव सरी झाल्या की सुरुवात होते, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भर असतो आणि मोसमी पाऊस धो धो लागला की खेळ आटोपतो. वळीव लांबला तर काजवेही लांबतात. म्हणून महिनाभर आधी खोली ठरवण्यापेक्षा गावातल्या एखाद्या मुक्कामवाल्याचा नंबर मिळवा आणि ‘झाडं पेटली का?’ हे विचारून निघा.

पंचांग बघणं मात्र कुणी करत नाही, आणि तेच सगळ्यात उपयोगी आहे. चांदण्यात काजव्यांचा उजेड फिका पडतो. या काळात येणाऱ्या अमावास्येच्या चार-पाच दिवस मागे-पुढे जा. पौर्णिमेला जावंच लागलं तर दाट झाडीची, डोंगराच्या सावलीत येणारी जागा निवडा. जोराचा वारा किंवा चालू पाऊस असेल तर काजवे पानाआड बसून राहतात. उकडतंय, वारा पडलाय आणि दुपारी एखादी सर येऊन गेलीय, अशी रात्र सर्वांत उत्तम.

वेळ साडेसात ते दहा. अंधार पडण्याआधी, सहा-साडेसहालाच, मुक्कामाच्या गावात पोहोचा. हंगामात रात्री उशिरा नाक्यावरून आत सोडत नाहीत आणि गर्दीच्या शनिवार-रविवारी वाहतूक एकेरी करतात, त्यामुळे नऊला शेंडीत पोहोचलेल्या गाडीच्या नशिबी फक्त पुढच्या गाडीचे लाल दिवे येतात. सोमवार ते गुरुवार जमवता आलं तर बाकी कुठल्याही युक्तीची गरज नाही.

आता बघायचं कसं. गाडी गावात लावा, दिवे बंद करा आणि पायी चाला. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी मोठी झाडं ओढ्याकाठी आणि शेताच्या बांधावर असतात, तिकडे मोर्चा वळवा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उघडला की ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या रबराने बांधा आणि उजेड फक्त पायाखाली ठेवा. सुरुवातीला एखाददुसरा ठिपका दिसतो. मग एक फांदी लुकलुकते, तिच्या शेजारची तिला जाऊन मिळते आणि बघता बघता अख्खं झाड एका ठेक्यावर उजळतं आणि विझतं. हे दिसायला एकाच झाडासमोर किमान अर्धा तास थांबावं लागतं. चालत्या गाडीच्या खिडकीतून ते दिसत नाही.

गवतात शिरू नका. खाली माद्या आणि अंडी असतात, आणि शेकडो पाय एका झाडाभोवती फिरले तर पुढच्या वर्षी त्या झाडाखालचे काजवे कमी होतात. साप-विंचवाचं कारण वेगळंच. बूट आणि पूर्ण पॅन्ट हवीच. काजवा पकडून बाटलीत भरण्याची हौस पोरांना आधीच समजावून सांगा. डास-निवारक मलम लावलेल्या हातांनी तर त्याला शिवूही नका.

फोटोबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं: सोनेरी ठिपक्यांनी भरलेली जी जंगलं तुम्ही मोबाइलवर बघता, ती वीस-तीस फ्रेम एकावर एक चढवून केलेली असतात. डोळ्यांना तेवढं एकदम दिसत नाही. तसा फोटो हवाच असेल तर तिपाई, आयएसओ १६०० ते ३२००, अपर्चर २.८ किंवा त्याहून मोठं, शटर १५ ते ३० सेकंद. फोकस उजेड असतानाच झाडावर लावून मॅन्युअल करून ठेवा, कारण अंधारात लेन्स नुसती घरघरत राहते. फ्लॅश बंद, ऑटोफोकसचा लाल-केशरी दिवाही बंद, आणि कॅमेऱ्यावर लुकलुकणाऱ्या बारक्या दिव्यावर चिकटपट्टी.

पाऊस: पाणी कधी कुठे असतं

जुलै-ऑगस्ट हा रस्त्यावरून बघण्याचा काळ आहे, चढण्याचा नव्हे. घाटघर-रतनवाडी हा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक. छत्री इथे उलटून तुटते, तेव्हा बिनबाह्यांचा लांब रेनकोट आणि आतून लवकर वाळणारे कपडे. जीन्स नको. कपड्यांचा एक पूर्ण जोड प्लास्टिकमध्ये बांधून गाडीतच राहू द्या.

इथले धबधबे दोन जातींचे आहेत आणि हा फरक न कळल्यामुळे बऱ्याच सहली फसतात. कोलटेंभे, नेकलेस आणि रस्त्याकडेचे बिननावाचे असंख्य धबधबे पावसावर चालतात: दोन दिवस झड लागली की सुरू, चार दिवस उघडीप पडली की बारीक. अंब्रेला मात्र धरणावर अवलंबून आहे. प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या दगडी धरणाची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. मोरीतून पाणी सोडतात तेव्हाच ते खालच्या गोल कातळावरून पसरून छत्रीसारखं पडतं. धरण बऱ्याच वर्षी १५ ऑगस्टच्या आसपास भरतं, आणि त्यानंतर पाणी सोडलं की अंब्रेला आणि खाली दहाएक किलोमीटरवरचा रंधा धबधबा दोन्ही खरे दिसतात. जूनमध्ये धबाधबा पाऊस पडत असतानाही रंध्याला धार बारीक असू शकते, कारण वरचं पाणी धरण अडवून बसलेलं असतं. उलट शेतीसाठी उन्हाळ्यात आवर्तन सुटलं, तर भर एप्रिलमध्ये अंब्रेला वाहताना सापडतो. धरणातून विसर्ग किती चालू आहे हे नगर-नाशिकच्या वर्तमानपत्रांत पावसाळ्यात रोज छापून येतं. तेवढं बघून निघा.

रंध्याला कठड्याच्या आतच उभं राहा. प्रवरेचं पाणी इथे साधारण ५० मीटर खोल घळीत कोसळतं, आणि वरून विसर्ग वाढवला की पातळी मिनिटांत चढते. कोरड्या वाटणाऱ्या कातळावर खाली उतरलेली माणसं इथे वाहून गेली आहेत.

घाटघरच्या कड्यावर धुकं असणारच. गाडीतून उतरून, पांढरा पडदा बघून, ‘काहीच नाही’ म्हणत निघून जाऊ नका. वाऱ्याच्या झोताबरोबर पडदा दोन-तीन मिनिटं फाटतो, खाली कोकण दिसतं आणि पुन्हा मिटतो. एक तास हाताशी ठेवा. कड्याच्या टोकापासून मात्र दहा पावलं मागे, कारण भिजलेली माती आणि गवत टोकाला पोकळ झालेलं असतं आणि खालून वर येणारा वारा अचानक थांबतो, तेव्हा त्याच्यावर रेललेल्या माणसाचा तोल पुढे जातो.

कळसूबाई

महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. बारीतून चढाई साधारण ९०० मीटरची. सवय असलेल्याला अडीच-तीन तास, नवख्याला चार. उतरायला दोन ते अडीच.

वाट चुकण्याची भीती नाही, भीती गर्दीची. गावातून ओढा ओलांडून शेतं संपली की पायऱ्या, कठडे आणि मग एकापाठोपाठ एक लोखंडी शिड्या लागतात. शिडी एका वेळी एका बाजूने चालते. पावसाळ्यातल्या रविवारी आणि १५ ऑगस्टला तिच्या पायथ्याशी तासभर रांग लागते, आणि भिजलेल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिल्यामुळे थंडी भरते. दमून कुणी आजारी पडत नाही इतकं या रांगेत पडतं. उपाय दोन: मधला वार, किंवा पहाटे पाचच्या आत चढायला सुरुवात.

शिडीवर पाय आडवा टाका, टाच आत येईपर्यंत. उतरताना तोंड शिडीकडे. काठी हातात घेऊन शिडी चढू नका, ती सॅकला बांधा. पावसाळ्यात लोखंड निसरडं असतं, पण त्याहून निसरडा शिड्यांच्या मधला मातीचा टप्पा असतो, आणि घसरापट्टी होते ती तिथेच. गुळगुळीत तळाचे जॉगिंगचे बूट इथे फार दगा देतात. खोल खाचांचा रबरी तळ हवा.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. वाटेत सरबत, भजी, चहा विकणारे असतात, पण मधल्या वारी सगळे वर येतीलच असं नाही. माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे, आणि पावसाळ्यात तिथे उभं राहवत नाही इतका वारा. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे दिसावेत, खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकावं असं वाटत असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ धरा. नवरात्रात वर यात्रा असते. भक्तीने जायचं असेल तर तेव्हाच, शांततेसाठी जायचं असेल तर तेव्हा टाळा.

रतनगड: सप्टेंबरअखेर

एकच गोष्ट करायची असेल तर आमचं मत या गडाला. कळसूबाईवर उंची आहे, रतनगडावर मात्र बघायला खरोखर काही आहे.

सुरुवात रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून. गड चढण्याच्या घाईत लोक हे देऊळ दहा मिनिटांत उरकतात. भूमिज शैलीचं शिखर, खांबांवरचं दाट कोरीवकाम आणि बाहेरची पुष्करणी यांना तासभर द्या. पुष्करणीच्या भिंतींत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे, आहेत आणि त्यात विष्णूच्या मूर्ती. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड बुडते.

गडाची वाट प्रवरेच्या काठाने जाते. नदी याच डोंगरात उगम पावते, त्यामुळे तिला दोन-तीनदा ओलांडावं लागतं. जोराच्या पावसात या ओलांडण्या गुडघ्याच्या वर गेल्या तर परत फिरा, कारण वर असताना पाऊस वाढला तर उतरताना त्याच जागी अडकून पडाल. पुढे दाट जंगलात वाट फुटते: सरळ जाणारी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे, उजवीकडची रतनगडाकडे. धुक्यात इथे चुकणारे बरेच, आणि चुकल्याचं लक्षात येतं ते चढ सुरू होण्याऐवजी वाट सपाट राहिल्यावर. उजवी वाट लवकरच अंगावर येते, मग शिड्या, मग गणेश दरवाजा. रतनवाडीपासून इथवर अडीच-तीन तास.

वर रत्नादेवीची गुहा आणि शेजारी मुक्कामाजोगी मोठी गुहा. माकडं सॅकची चेन उघडतात, हे गमतीने सांगत नाही. जेवणाची पिशवी हातातून सोडू नका. गुहेपासून गडाला पूर्ण प्रदक्षिणा घाला: बुरूज, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, कोकण दरवाजा, आणि शेवटी नेढं. कातळाला आरपार पडलेल्या या भोकात बसायला जागा आहे, वारा सतत वाहतो आणि दोन्ही बाजूंना दरी दिसते. प्रदक्षिणेला दोन तास धरा. टाक्याचं पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरिनच्या गोळ्या टाकूनच प्या.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोनकी फुलते आणि माथा पिवळा होतो. तेरड्याचा गुलाबीपणाही असतो. हे पंधरा-वीस दिवसच टिकतं. मळलेली पायवाट सोडून फुलांत बसून फोटो काढले की ती जागा त्या हंगामापुरती गेली.

उतरायला वेगळी वाट हवी असेल तर त्र्यंबक दरवाजा. कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या उतरून, रतनगडाच्या खुट्टा नावाच्या सुळक्याला वळसा घालून ही वाट साम्रदला जाते. सुंदर आहे, पण ओल्या दिवसात नको आणि वाटाड्याशिवाय तर नकोच. गाडी रतनवाडीत आणि तुम्ही साम्रदमध्ये, ही गंमतही आधी लक्षात घ्या.

सांदण दरी: डिसेंबर ते मार्च

साम्रदच्या पठारावरून चालत असताना जमीन अचानक फाटलेली दिसते. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद, आणि दोन-तीनशे फूट खोल. खाली सपाट जागा नाहीच: मुठीएवढ्या दगडापासून खोलीएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकमेकांवर रचलेलं.

इथे दोन वेगळ्या सहली होतात. त्यातली कोणती करणार हे घरूनच ठरवून या.

पहिली: दरीत उतरून पहिल्या दोरीच्या टप्प्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. तीन ते चार तास. बेताचा सराव असलेल्या कुणालाही जमते. वाटेत पाण्याची दोन डबकी लागतात. पहिलं गुडघा ते कमरेइतकं, दुसरं डिसेंबरात छातीपर्यंत, मार्चपर्यंत बरंच आटतं. पाणी कायम सावलीत असल्याने गोठवणारं. बूट काढून अनवाणी जाऊ नका, तळाचे दगड धारदार आहेत. मोबाइल आणि पाकीट झिपच्या दुहेरी पिशवीत, सॅक डोक्यावर. सुके मोजे पलीकडे घालायला ठेवले की पुढचे तीन तास सुखाचे जातात.

दुसरी: दोरीने खाली उतरत दरी पूर्ण पार करायची. पहिला आणि सगळ्यात मोठा टप्पा साधारण ४५ फुटांचा, पुढे छोटे दोन. एकदा दोर ओढून घेतला की मागे फिरता येत नाही. मग करोली घाटाने तीन-चार तास चढून पुन्हा साम्रद, किंवा खाली डेहणे गावाकडे उतरायचं. पूर्ण दिवस जातो. सकाळी सातच्या आत दरीत असायला हवं. नऊला सुरुवात करणाऱ्या मोठ्या टोळ्या पहिल्या दोरीपाशी तासन् तास ताटकळतात आणि धोंड्यांतली उरलेली वाट अंधारात काढतात.

ही दुसरी सहल नेणाऱ्या गटाला पैसे देण्याआधी विचारा: प्रत्येकाला हेल्मेट आहे का? दोर किती, आणि उतरणाऱ्याला दुसऱ्या, सुरक्षा दोराचा आधार देता का? दोराची बांधणी कातळात ठोकलेल्या एकाच बोल्टवर आहे की दोन स्वतंत्र ठिकाणी? सर्वांत शेवटी कोण असतो? किती माणसांमागे किती अनुभवी माणसं? उत्तर ‘अहो, काही होत नाही’ असं आलं तर दुसरा गट बघा. गटासोबत साम्रदचा स्थानिक माणूस हवाच. मधल्या पडझडीने वाट दरवर्षी थोडी बदलते आणि ते त्यांनाच ठाऊक असतं.

पावसाळ्यात दरी बंद, यावर चर्चा नाही. पठारावरचं सगळं पाणी याच चिरेत उतरतं. त्याहून फसवा मे महिना आहे. डोक्यावर निळी पट्टी दिसते आणि पठारावर दुसऱ्या टोकाला वळीव कोसळत असतो. दुपारनंतर ढग जमण्याचे दिवस सुरू झाले की सांदण सोडून द्या.

पाय मुरगळणं हा इथला नेहमीचा अपघात. धोंड्यावरून उडी मारू नका, बसून उतरा. डुगडुगणाऱ्या दगडावर पूर्ण वजन देण्याआधी पाय टेकवून बघा, आणि तुमच्या पायाने दगड सुटला तर खालच्याला ओरडून सांगा. कड्यांना आग्या मोहोळ असतं. अत्तर, डिओडरंट, सिगारेट, शेकोटीचा धूर आणि आरडाओरडा यातलं काहीही त्यांना उठवू शकतं, आणि अरुंद दरीत पळायला जागा नसते.

मुक्काम आणि जेवण

जलाशयाकाठी तंबू लावून देणारे बरेच झालेत. तंबू निवडताना तो पाण्यापासून किती दूर आहे आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी बघा. मे-जूनच्या वळवाच्या वावटळीत काठावरचे तंबू उपटून जातात, तेव्हा त्या काळात गावातली पक्की खोली बरी. डिसेंबर-जानेवारीत पाण्याकाठी दव पडून तंबू आतून ओला होतो. पातळ गादी आणि एक चादर यावर झोप लागत नाही, स्वतःची झोपपिशवी आणा. जलाशयात पोहायला उतरू नका. काठ उथळ वाटतो, दोन पावलांवर चिखलाचा उतार एकदम खोल जातो.

जेवण घरगुतीच घ्या: पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, वरण-भात. पोहोचायच्या दोन-तीन तास आधी माणसं किती ते फोनवर सांगा, कारण इथे सामान मोजून आणलेलं असतं. अकोल्याचा हा भाग जुन्या भातवाणांचा आहे. काळभात किंवा जिरवेल मिळाला तर मुद्दाम मागून खा आणि विकत मिळाला तर घरी न्या. गावठी बियाणं जपण्यासाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

दारू, मोठ्या आवाजातली गाणी आणि शेकोटी यांना अभयारण्यात मनाई आहे. आजूबाजूला सगळे करताहेत म्हणून तुमची दंडाची पावती चुकत नाही.

दुखापत झाली तर १०८. मोठं सरकारी रुग्णालय राजूरला आहे, घाटघर-साम्रदहून तिथे पोहोचायला तास-सव्वा तास लागतो, म्हणून क्रेप बँडेज, निर्जंतुक पट्ट्या, ओआरएस आणि स्वतःच्या रोजच्या गोळ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पावसाळ्यात कारवी आणि झुडपांवर हिरवा चापडा हा विषारी साप बसलेला असतो, पानाच्या रंगाचा. आधारासाठी झुडूप धरण्याआधी तिथे नजर टाका. साप चावला तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं यात वेळ घालवू नका; पाय किंवा हात हलू न देता सरळ राजूर.

हरिश्चंद्रगड याच अभयारण्यात येतो म्हणून याच खेपेत घुसवू नका. पाचनईची वाट सर्वांत सोपी, दोन-अडीच तासांची, पण राजूरहून पाचनईचा रस्ताच वेळ खातो आणि वर केदारेश्वराची गुहा, मंदिर, तारामती शिखर आणि कोकणकडा बघायला एक मुक्काम लागतो. कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे धुक्यात उमटणारं गोल इंद्रधनुष्य, दिसावं अशी इच्छा असेल तर सूर्य पाठीशी आणि धुकं समोर खाली हवं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे ते सकाळी, पाऊस ओसरताना, उन्हं आणि ढग एकत्र असलेल्या दिवशी. सकाळी सात ते नऊ कड्यापाशी असायचं तर आदली रात्र वरच काढावी लागते. त्यासाठी वनखात्याची त्या वेळची परवानगी पाचनईत विचारूनच वर चढा.